सात वर्षं खबर नाही

"सही कर आई, आन् तमाशा करू नगंस," संयुक्ता म्हणाली, आणि वकिलाच्या हापिसातच मायलेकींची जुंपली.

केराबाईचा नवरा भीमा, मूळचा विट्याकडचा गडी. चेन्नईत सोनं गाळायच्या भट्टीवर राबायचा. आठ वर्षांमागं भर उन्हात तंबाखू आणायला म्हणून गेला, तो गेलाच. गावाकडं त्याच्या वाटणीचं रान दीर कसत होता. "भाऊ मेल्याचा कागद आण, मग तुझं नाव लावतो," असं त्यानं सुनावलं होतं. म्हणून दोघी चेन्नईतल्याच मैलापुरात या वकिलाकडं आल्या होत्या.

कारकून पुरुषोत्तमराव तंजावरकडचे मराठी. त्यांनी इंग्रजी कागद पुढं सरकवला. संयुक्तानं वाचलं, "नॉट हर्ड ऑफ फॉर सेव्हन इयर्स. म्हंजी सात वर्सं ऐकलं न्हाई."

"खोटं हाय!" केराबाई उसळली. "रोज दुपारी जिन्यात त्येंच्या चपला वाजत्यात. ऐकलं न्हाई म्हणून कशी लिवू?"

"भास हायती तुझं!"

पुरुषोत्तमरावांनी चष्मा काढला. "कानानें ऐकणें नव्हे, अम्मा. 'हर्ड ऑफ' म्हणजे खबर. पत्र, फोन, कोणाचा निरोप. घरच्यांलाही सात वर्षें कांही कळलें नाही, तर कोर्ट मेला असें धरतें."

"फोन?" केराबाईनं विचारलं. पदराची कड ती बोटाला गुंडाळाय लागली. "पाडव्याला चार वर्सं हुतील. फोन वाजला. कोण बोलंना. नुसता खोकला. धुरानं छाती खाल्ल्याली, तसला. मी म्हनलं, 'जेवलासा का?' तसा फोन ठिवला."

"आन् कुणाला सांगितलं न्हाईस?"

"जित्तं हाईत आन् येत न्हाईत, ह्ये कुठल्या तोंडानं सांगू?"

संयुक्ता पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "मलापण आलता. बारावीच्या निकालादिवशी. 'पास झालीस का?' एवढंच."

"मग मला का..."

"तू जेवण सोडून वाट बघत बसली असतीस."

पुरुषोत्तमरावांनी कागद हळूच मागं ओढला. "हें ऐकल्यावर मला सही घेतां येत नाही, अम्मा."

"घिऊच नगासा," केराबाई उठली. रान दिराच्या घशात गेलं, हे तिला उमगलं होतं. "मेल्याल्या माणसाचं दिवस तरी घालता येत्यात. ह्येचं काय करायचं?"

रस्त्यावर ऊन डोकं भाजून काढत होतं. दोघी बसथांब्यावर आल्या. केराबाईनं विचारलं, "कुठल्या नंबरावरनं आलता गं?"

"लागत न्हाई त्यो, आई," संयुक्ता म्हणाली. "मी रोज लावते."