तपकिरी रजईसमोर

थॅडियस, माझा मोठा भाऊ, इंगलवूडच्या आमच्या घरात सकाळपासून मरत होता. हल्ली ऑडिशन घरीच रेकॉर्ड करून पाठवतात. समोरच्या पात्रांची वाक्यं मी वाचत होते. मागे पांढरी चादर असली की कॅमेरा चादरीच्याच उजेडाचा हिशेब धरायचा आणि थॅडचा चेहरा नुसती सावली होऊन जायचा. म्हणून मी मम्माची तपकिरी रजई टांगली. आता त्याचे डोळे दिसत होते.

वर्षभरात चालून आलेली ही पहिली मोठी भूमिका. गोऱ्या हिरोचा, आमच्यासारखा काळा मित्र. विनोद करतो, गाडी चालवतो आणि सिनेमा अर्धा व्हायच्या आत मरतो. पाचच्या आत पाठवायचं होतं.

"वाच, डॉक." माझ्या केमिस्ट्रीच्या पदवीची तो अशीच टिंगल करतो.

"हात वर," मी पोलिसाचं वाक्य वाचलं.

"गोळी नका घालू," थॅड किंचाळला. "प्लीज, नका घालू."

मम्मा स्वयंपाकघरातून धावत आली. हात मक्याच्या पिठाने भरलेले. तिने आधी बाहेरच्या दाराकडे पाहिलं, मग थॅडकडे.

"ऑडिशन आहे, मम्मा."

"माहीत आहे." तिला धाप लागली होती. "नाव काय रे ह्याचं?"

"डी."

"पुढे?"

"एवढंच लिहिलंय."

"मग आईही लिहिली नसेल. तुला आहे. मी गाडीत जाऊन बसते, तोवर काय ते मरून घे."

ती गेली. थॅड खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला.

"चल, वाच."

या वेळी त्याने हात वर केले आणि तेच वाक्य हळू म्हटलं, शेजारी कुणी झोपलेलं असावं तसं. मी पाठवून दिलं.

कास्टिंगवाल्यांचं उत्तर लगेच आलं : छान, पण भीती दिसत नाही. पुन्हा करा, जोरात.

बाहेर गाडी सुरूच झाली नव्हती. मम्मा पिठाचे हात स्टिअरिंगवर ठेवून बसली होती.

"तेच पुन्हा पाठव," थॅड म्हणाला.

"त्यांना कळेल ना."

"कळू दे."

"काम जाईल."

"जाईल."

मी पाठवलं. त्याने खिडकी उघडली. "मम्मा, ये आत. नाही मेलो."

"मक्याचा ब्रेड करपला तुझ्यापायी," आत येत ती म्हणाली.

"कडेचा तुकडा माझा," तो म्हणाला. पण हातातला फोन तो उलटासुलटा करतच राहिला.