भिंतीतून आलेली चिठ्ठी

टेबलावरचा प्रिंटर घरघरला, कागद बाहेर सरकला आणि जिन्यापर्यंत दाटलेल्या गर्दीने श्वास रोखला.

"संगणक नाही, माणूस नाही!" महाराज गरजले. प्रिंटरपासून सॉकेटमधल्या पांढऱ्या डबीपर्यंत गेलेल्या वीतभर निळ्या तारेवर त्यांनी बोट ठेवलं. "ही आत्म्याची वाट! वर शाई मिळत नाही, म्हणून ते आपली वापरतात!"

थोरल्या बहिणीने कागद छातीशी धरला. नवरा जाऊन चार महिने झाले होते. "बघ गं, 'चिमणे' लिहिलंय. मला असं तेच म्हणायचे."

धाकटीने पुढचं वाचलं. 'हृदयाच्या गोळ्या सोड. महाराजांचं पाणी घे.'

"किती दिवस झाले सोडून?"

"पाच." एवढं बोलतानाही थोरलीला धाप लागली.

धाकटीची नजर निळ्या तारेवरून पांढऱ्या डबीवर गेली. बारा वर्षं ती लोकांच्या घरांत वायरिंग करत होती. असल्या डब्या तिने एका दवाखान्यात बसवल्या होत्या. त्या नेहमी जोडीने लागतात. मग दुसरी कुठे होती?

"महाराज, आणखी एक चिठ्ठी मागवा," म्हणत ती तडक जिन्याखालच्या बोर्डापाशी गेली. थोरलीचं सगळं घर एकाच मीटरवर होतं, म्हणजे दुसरी डबी याच घरात असणार. तिने फक्त खालच्या भाडेकरूच्या खोलीचा खटका पाडला.

वर दिवे चालू, प्रिंटर मुका. महाराजांचा हात सारखा खिशातल्या मोबाइलकडे जात होता. "आत्मा रुसला! कुणीतरी नास्तिक आलंय!"

"रुसला नाही, त्याची वीज गेलीय," धाकटी खालून ओरडली आणि तिने भाडेकरूचं दार ढकललं. त्याच्या मांडीवर लॅपटॉप होता, भिंतीत तशीच डबी. नऊ वर्षं त्याने जिन्यावरून 'चिमणे' ही हाक ऐकली होती.

थोरली कठडा धरत खाली आली. "तू त्यांना बंद केलंस!"

"ताई, तूच लिहून बघ." धाकटीने खटका वर केला.

थोरलीने भाडेकरूच्या लॅपटॉपवर एकेक अक्षर दाबलं. थोड्याच वेळात वर प्रिंटर घरघरला आणि कुणीतरी मोठ्याने वाचलं, "'तुम्ही आहात का?'"

ती वाट पाहत राहिली. उत्तर आलं नाही. मग ती मटकन खाली बसली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मोकळी रडली.

महाराज मागच्या दाराकडे सटकत होते. लोकांनी वाट अडवली. धाकटीने बहिणीला आधार देऊन उठवलं. डॉक्टरकडे आत्ताच जायचं होतं. दारात ती लोकांकडे वळली.

"विजेच्या तारेतून वीज जाते, तसा निरोपही जातो. एका डबीत घातला की दुसरीतून निघतो. यात चमत्कार नाही. कळलं नाही तर विचारा. विचारल्याने देव कोपत नाही, पण न विचारल्याने माणूस मरू शकतो."