काळ्या फलकावरची उठावाची अक्षरं

इराकमधल्या बसऱ्यात कुणी गेलं की दारावर निधनाचा काळा कापडी फलक लागतो. पूर्वी तो हाताने रंगवायचे, आता आमच्यासारखे कॉम्प्युटरवर करतात. शहरातल्या अशारच्या बाजारात माझं दुकान होतं.

त्या सकाळी एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, मवाळ बोलणं. खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसला.

"नाव लिही, ताई. गदबान शनावा."

गदबान उस्ताद आमच्या गल्लीतले मास्तर. नळाला खारं पाणी येतं म्हणून निघालेल्या मोर्चात सगळ्यात पुढे तेच. आणि थोड्या वेळापूर्वी मी त्यांना बेकरीतून गरम समूनचे पाव घेऊन जाताना पाहिलं होतं.

"कधी वारले?" मी कसंबसं विचारलं.

"तारीख उद्याची टाक."

मी वळून पाहिलं. तो हसत होता. "तुझं काम लिहायचं, ताई. विचारायचं नाही. आणि अक्षरं चांगली उठव. रस्त्यापलीकडून दिसली पाहिजेत."

मी नाव टाइप केलं, सोनेरी रंग भरला. अक्षराला उठाव द्यायचा तर प्रकाश वरून पडतोय असं दाखवायचं. वरची कड उजळ, खालची काळी. पण माझ्याकडून कोन उलटा पडला. प्रकाश खालून पडला आणि नाव उठायच्या ऐवजी आत बसलं, दगडात कोरल्यासारखं.

"हे काय? ही तर खड्ड्यात गेली!"

"सुधारते, भाऊ. मशीन जुनं आहे, वेळ लागेल. चहा आणते."

आतल्या खोलीत प्रिंटर होता. मी तो सुरू केला, आणि त्याच्या घरघरीत उस्तादांच्या बायकोला मोबाईलवर बोलून निरोप पाठवला: 'खाला, सगळ्यांना घेऊन आत्ता निघा. कुठे ते मलाही सांगू नका.' निरोप लगेच पुसला.

लिंबाचा काळा चहा घेऊन बाहेर आले तर तो माझ्या खुर्चीत बसला होता.

"आत कुणाशी बोलत होतीस?"

"प्रिंटरला शिव्या घालत होते."

त्याने माझ्या हातातून चहा घेतला. मग उठला. मी प्रकाश वर नेला, उठाव वाढवला, सावली मऊ केली, पुन्हा गडद केली, पुन्हा मऊ केली. त्याचा चहा संपला, दुसरा झाला. अखेर फलक गुंडाळून तो गेला.

दुसऱ्या दिवशी फलक उस्तादांच्या भिंतीवर होता. घराला कुलूप. शेजारीपाजारी सांत्वनाला आले आणि कुणाचं करायचं ते न कळून परत गेले. उस्ताद दूरच्या कूत शहरात सुखरूप पोचले, हे मला नंतर कळलं.

आठवड्याने तो पुन्हा दारात उभा राहिला. आत आलाच नाही.

"छान उठली होती अक्षरं. तेच डिझाईन जपून ठेव. नाव मागाहून सांगतो."

दुपारपर्यंत मी शटर ओढलं आणि आईला घेऊन शहर सोडलं.