देव्हाऱ्यातला माउथगार्ड

मी एक जुना माउथगार्ड आहे. मित्रांनो, मुष्टियुद्ध खेळणारे आपल्या वरच्या दातांवर जे रबरासारखे लवचीक कवच बसवतात, तेच मी. वय माझे फार नाही, पण माझे दिवस संपले आहेत. सध्या शिरवळजवळच्या एका घराच्या देव्हाऱ्यात मला ठेवले आहे. रोज मला हळद-कुंकू लागते, आणि रोज माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म साताऱ्याच्या एका दातांच्या दवाखान्यात झाला. प्रांजल नावाच्या मुलीच्या दातांचा ठसा घेतला आणि त्या साच्यावर मला बेतले. तोंड मिटताना तिचा जबडा जरा डावीकडे सरकत असे. दुकानातला तयार माउथगार्ड घातला की तिला श्वास पुरत नसे आणि दात आवळून मान अवघडून जाई. डॉक्टर संयोगिताबाईंनी मला पुन्हा पुन्हा घासून, बसवून पाहिले. शेवटी तिचे दात दोन्ही बाजूंनी सारखे टेकू लागले.

सोबत तिचे चुलते आप्पासो आले होते. फौजेतून निवृत्त झालेले. पुतणीला आणि स्वतःच्या मुलाला, वीरधवलला, मुष्टियुद्ध तेच शिकवत. त्यांनी विचारले, "म्याडम, ह्यानं ठोशाची ताकद वाढती म्हणं?"

"काही खेळाडूंना फरक जाणवतो, काहींना नाही. त्यावर अजून एकमत नाही," बाई म्हणाल्या. "दात वाचवायला याचा उपयोग होतो, हे मात्र नक्की. आणि हा फक्त हिचा. दुसऱ्याला द्यायचा नाही, गरम पाण्यात घालायचा नाही."

आप्पासोंनी सोयीचे तेवढे ऐकले. बाकीचे कानामागे टाकले.

प्रांजल जिंकू लागली. माझ्यामुळे तिचा जबडा दुखेना, श्वास मोकळा झाला, हे खरे. पण पाय लटपटत असतानाही पोत्यावर ठोसे मारत राहणारी ती होती. मी तिच्या तोंडातच होतो, मला ठाऊक आहे. आप्पासो मात्र पारावर बसून सांगत, "पोरीचं काय न्हाई गड्या, समदी करामत त्या कवळीची." तेव्हापासून गावाने मला कवळी म्हणायला सुरुवात केली. खंडेनवमीला कोयत्याशेजारी माझी पूजा झाली. पाट प्रांजलने मांडला. तिच्या पाठीवर कुणी हात ठेवला नाही.

मग राज्याच्या संघाची निवड सांगलीत ठरली. प्रांजलला संघात जागा मिळायची, तर तिथे जिंकायलाच हवे होते. वीरधवलही उतरणार होता. निघायच्या आदल्या दिवशी प्रांजल कॉलेजला गेली असताना आप्पासोंनी तिच्या पिशवीतून मला काढले. "घरातली वस्तू हाय. आदी वीरधवल घालंल, मग ती."

त्यांच्या बायकोने, सुलाबाईंनी, नाक मुरडले. "पोरीचं उष्टं माज्या पोरानं तोंडात धरायचं? थांबा, उकळून देते."

उष्टेपण जावे म्हणून त्यांनी मला चहाच्या पातेल्यात, खळखळत्या पाण्यात सोडले. प्रांजलच्या दातांच्या खुणा पुसट झाल्या, माझ्या कडा बाहेर वळल्या. मी कुणाच्याच तोंडाचा उरलो नाही.

सांगलीत वीरधवलने मला घातले आणि लगेच काढले. "आप्पा, ह्यो मला बसत न्हाई. माजा दुकानातला कुटं हाय?"

"घरी ठिवलाय. गप घाल."

लढतीत मी सारखा खाली पडत राहिलो. पंचांनी त्याला ताकीद दिली, आणि तो हरला. आप्पासोंनी मला नळाखाली धरले आणि प्रांजलच्या हातात दिले. तिने चावून पाहिले.

"आप्पा, काय केलं ह्याला?"

"काय न्हाई, जरा धुतलाय. जा, नाव पुकारलंय."

माउथगार्डशिवाय रिंगमध्ये उतरू देत नाहीत. तिने मला नुसत्या जोरावर दातांत धरून ठेवले. जबडा पुन्हा डावीकडे गेला, श्वास अडखळू लागला. शेवटच्या फेरीत एक ठोसा बसला, मी सरकलो आणि तिच्या पुढच्या दाताचा तुकडा उडाला. जो दात वाचवायला मला घडवले, तोच माझ्या डोळ्यांदेखत तुटला. ती मागे हटली नाही. पंचांनी हात वर केला, तो तिचाच.

आप्पासोंनी मला उचलून चारचौघांना दाखवले. "बगा, कवळीची करामत!"

प्रांजलने तोंडातले रक्त पुसले. "मग कवळीलाच संघात घ्या म्हणावं, आप्पा. मी दाताचा तुकडा घिऊन डाक्टरकडं जाती."

वीरधवलने तिची पिशवी उचलली आणि बापाकडे न बघता तिच्यामागे गेला.

आता तिच्याकडे नवा माउथगार्ड आहे, आणि त्याची डबी ती कुणाच्या हाती देत नाही. मला आप्पासोंनी देव्हाऱ्यात बसवले.

मित्रांनो, एकासाठी बेतलेली वस्तू दुसऱ्याच्या तोंडात कोंबू नका. ती कशी जपायची ते सांगितले असेल, तर पुरते ऐका. आणि तुमच्या घरातली मुलगी जिंकून दारात उभी राहिली, तर आधी तिला विचारा, दात दुखतोय का. मी देव्हाऱ्यातून सगळे ऐकतो. या घरात तिला अजून कुणी ते विचारलेले नाही.