कसरीची पावडर

कडेगावजवळच्या एका वाडीत चावडीला लागून वाचनालयाची खोली होती. अंजना तिथं फुकट राबायची. सातवी झालेली बौद्धवाड्यातली पोर, पुस्तकांपायी येडी. वाचनालय चालवणारे नानासो तिच्या हाती किल्ली देऊन माधवनगरला लेकीकडं गेले, तेव्हा गावानं नाकं मुरडलीच. अंजनानं ते ऐकलं आणि मुकाट्यानं कपाटं झाडायला घेतली. बघते तर काय, पुस्तकांना कसर लागलेली! नानासो यायच्या आत कसर मारून दाखवायचीच, म्हणून तिनं घरातली ढेकणांची पांढरी पावडर आणली आणि पानापानांत भुरभुरली. स्वतःवर लय खूश झाली बया.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकाराम पेपर वाचायला आला. त्यानं बोट जिभेला लावलं नि पान उलटलं. पुन्हा बोट जिभेला.

अगं बाई! पेपरात पावडर नव्हती, पण सकाळी म्हातारे हिंदुरावआबा कपाटातली जाडजूड कादंबरी घेऊन मळ्यातल्या घरी गेले होते. अख्खं गाव थुंकी लावून पान उलटतं, हे अंजनाला कालच कसं सुचलं नाही?

सांगावं, तर गाव म्हणणार, बौद्धवाड्यातल्या पोरीनं आबांना इख घातलं. मग बापाला कोण कामाला बोलावणार? कदाचित घरावरच चालून येतील. आणि गप्प बसावं, तर आबा जातील. ती मळ्याकडं पळत सुटली.

आबा ओट्यावर वाचत बसले होते. पुस्तक निम्मं सरलेलं.

"आवं आबा, टाका ते! पावडर हाय त्यात, इखारी. मीच टाकलीया, कसर मरावी म्हनून!"

आबांचा चेहरा पडला. "तरीच जीभ कडू लागतीया. घरात कुनी न्हाई गं. मिठाचं पानी आन, ओकून काढतो."

अंजना उंबऱ्याशीच थिजली. हे आबा तिच्या हातून पुस्तकसुद्धा घेत नसत; 'ठेव तितं' म्हणून काठीनं बाकडं दाखवायचे.

"मी... आत जाऊ?"

"मग मरू का मी हितं? जा की!"

तिनं चुलीपाशी मीठ शोधलं, माठातलं पाणी घेतलं. तांब्या पुढं करताना पाणी हिंदकळून आबांच्या धोतरावर सांडलं. आता आबांना काही झालं, तर पावडरीचं नाव कुणी काढणार नव्हतं. हिच्या हातचं पाणी प्याले नि गेले, एवढंच म्हणणार होते सगळे.

आबा घटाघटा प्याले आणि भडाभडा ओकले.

तेवढ्यात त्यांची सून बनुबाई वैरण घेऊन आली. सासरे ओकतायत आणि या पोरीच्या हातात घरातला तांब्या! डोक्यावरचा भारा तिथंच टाकून ती किंचाळली, "काय पाजलंस गं माज्या सासऱ्याला?"

शेजारच्या रानातनं माणसं धावत आली. अंजना आबांकडं बघत राहिली, पण आबांना उबळीवर उबळ येत होती, तोंडातनं शब्द फुटेना. संपलं सगळं, तिला वाटलं.

अखेर आबा भिंतीला टेकले. "मीच मागितलं," ते धापा टाकत म्हणाले. मग तिच्या हातातला तांब्या घेऊन त्यांनी उरलेला घोट सगळ्यांदेखत पिऊन टाकला आणि तांब्या परत तिच्यापुढं धरला. "बगत काय उभी ऱ्हायलीस, पोरी? आनखी एक भर."

बनुबाई दारातनं बाजूला सरली नाही. तिच्या शेजारनं अंग चोरून अंजना आत गेली. माठात तांब्या बुडवून तिनं तो काठोकाठ भरला, वर मीठ टाकलं.