गायत्रीचं लिथियम

मी धाराशिवला लॅबमध्ये रक्त तपासते आणि मला चौकशा करायची खोड आहे, हे आधीच कबूल करते.

भूमची गायत्री तीन वर्षं माझ्याकडं येते. मन ताळ्यावर राहावं म्हणून ती लिथियमच्या गोळ्या घेते. रक्तात ते कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर अंगाला बाधतं, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी. तिचा आकडा कायम ०.७ च्या आसपास. या खेपेला आला १.६.

"जास्तीच्या गोळ्या खातीय ही!" तिचा नवरा नंदीश रिपोर्ट बघून उसळला. "आजपासून डबा आईकडं. आई देईल तेवढीच गिळायची."

"म्या एक बी जास्त खाल्ली न्हाय," गायत्री म्हणाली. आजवर ती आपल्या गोळ्या आपल्या हातानं घ्यायची, त्या घरात तेवढंच तिच्या ताब्यात होतं. नंदीशचा मला असा राग आला म्हणता! पण आकडा तर समोर होता.

तिच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पुढची गोळी देऊ नका, लगेच दवाखान्यात पाठवा.

रिक्षा येईपर्यंत मला काही राहवेना.

"सकाळची गोळी घेऊन आलीस का गं? त्यानंही आकडा फुगतो."

"न्हाय ताई, रक्त दिल्यावरच घेते."

"जुलाब, उलट्या? दुसरं काही औषध?"

"काहीच न्हाय."

"मग खातेस तरी काय?"

"भाकरी, दूध, अळणी वरण. श्रावण हाय ना. महिना होत आला, मिठाला शिवले न्हाय. गोळ्या सुटाव्यात म्हणून सासूबाईंनी नवस बोलायला लावला."

अगं बाई! मी कपाळावर हात मारला आणि पुन्हा फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "तेच असणार. मीठ एकदम तोडलं की शरीर लिथियम बाहेर टाकत नाही, साठवून धरतं."

मी ते नंदीशला जसंच्या तसं ऐकवलं, आवाज चढवूनच.

"म्हंजे हिनं..." तो पुन्हा रिपोर्टवरचा आकडा बघायला लागला.

गायत्रीच्या डोळ्यांना धार लागली होती. "ताई, हे रिपोर्टवर लिहून द्या. घरी माझं बोलणं कुणी खरं धरत न्हाय."

रिपोर्टवर असलं काही लिहायचं नसतं. मी लिहिलं, खाली सही ठोकली. नंदीशनं हात पुढं केला होता, पण कागद मी तिच्या हातात दिला.