लाभपाचमीचा विंच

सहा महिने मी गाड्या ओढायच्या त्या जुन्या विंचला शिव्या घातल्या. म्हशीला पाणी पाजायला अंगणात गेले की समोर आमचा ट्रक, ट्रकच्या पाठीवर विंचचा तो तारेचा दोर गुंडाळलेला गंजका ड्रम, आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. वैशाखात त्यानं दगा दिला होता. इसाक ड्रायव्हरची मिठानं भरलेली गाडी चिखलातून अर्धी बाहेर आली आणि विंचचा क्लच सुटला. गाडी धाडकन मागे गेली नि पार आसापर्यंत रुतली. नशीब, कोणाला लागलं नाही. हे म्हणाले, "क्लच गेला, लाखी. म्हातारा झाला विंच." मी म्हटलं, मग नवा घेऊ, त्यात काय!

आमचा धंदाच तो आहे. मिठाच्या रणात रुतलेली गाडी ओढून काढायची. ट्रक, जेसीबी, बोअरचं मशीन, जे रुतेल ते. पाऊस संपला की रण वरून वाळल्यासारखं दिसतं, आणि ड्रायव्हर लोकांना वाटतं, झाला रस्ता. बारा-पंधरा किलोमीटरचा फेरा वाचवायला गाडी मध्येच घालतात शहाणे. खाली चिखल तसाच असतो. मग फोन येतो, सामतभाई, धावा.

सामतभाई म्हणजे आमचे हे. रणाच्या या काठापासून त्या काठापर्यंत यांचा हात प्रसिद्ध. गाडी ओढायच्या आधी तारेचा अख्खा दोर उघड्या तळव्यानं चाचपायचा, कुठे तार तुटून वर आलीय का बघायचं, ही यांच्या बापापासूनची रीत. मग एका हातात क्लचचा दांडा धरून ड्रमशेजारी उभं राहायचं. दांड्यातून कळतं म्हणे, दोराला किती सोसतंय ते.

मला तेच नको होतं. दोन वर्षांपूर्वी जुसब असाच ड्रमशेजारी उभा होता. यांचा दोस्त, शेजारच्या गावचा, हाच धंदा करणारा. ताणलेल्या दोरावर आम्ही ओलं गोणपाट टाकतो, तुटलाच तर उसळू नये म्हणून. त्या दिवशी घाईत राहिलं. दोर तुटला आणि जुसबच्या छातीवर बसला. त्याची बायको मला विचारत होती, "फार दुखलं असेल का गं?" काय सांगणार तिला? तेव्हापासून मी मनाशी एकच धरलं होतं, या माणसाला दोरापासून लांब न्यायचं. नवा विंच घ्यायचा तर रिमोटवर चालणारा, पन्नास पावलांवरून. आणि यांना हवा होता दांड्याचाच. सगळी दिवाळी आमच्या घरात यावरूनच धुसफूस.

दिवाळीनंतर लाभपाचमीला दुकानं उघडली तसे आम्ही गांधीधामला गेलो. खुबचंद शेठचं दुकान. शेठनं दाराशी पूजा उरकली होती, कपाळावर कुंकू ताजं होतं. आम्हाला पेढा दिला आणि लगेच एक चकचकीत विंच दाखवला.

"सामतभाई, डोळे झाकून घ्या. बॅटरीवर चालतो. वीस टन ओढतो."

"कुठल्या थरावर?" मी विचारलं.

शेठ यांच्याकडेच बघत राहिले. "काय म्हणतात बेन?"

"बेन इकडे आहे, शेठ. ड्रमवर दोराचे चार थर असतात. जवळजवळ सगळा दोर सोडून तळचा थर उरला तरच तो वीस टन ओढणार. वरच्या थरावर किती?"

"असेल की, तेरा-चौदा."

"मग तेरा म्हणा ना! आणि पाच-दहा मिनिटं ओढला की तापतो हा. आमची एक गाडी निघायला दीड तास लागतो. मध्ये काय त्याला वारा घालत बसू?"

शेठ खो खो हसले. "सामतभाई, घरी तुमचं काही चालतं का हो?"

"चहा मागितला तर मिळतो," हे म्हणाले.

"तोही एकदाच," मी म्हटलं.

मग शेठ वळणावर आले. मी सांगितलं, भरलेली गाडी पंचवीस-तीस टनांची, पण चिखल तिला खालून धरून ठेवतो, म्हणून नुसतं वजन बघून चालत नाही. कप्पी लावून ओढ दुप्पट करू, तरी विंच मुळात दमदार हवा. आणि रणात ना झाड ना खांब. आमचा ट्रक बांधायचा कशाला? गळ्याइतका खड्डा खणून त्यात ओंडका पुरायचा, ट्रक त्याला जखडायचा, तेव्हा कुठे समोरची गाडी हलते. नाहीतर आमचीच तिच्याकडे घसरत जाते. बावीस वर्षं ते खड्डे मी खणतेय. शेठनं यांच्याकडे बघितलं, यांनी मान हलवली.

शेवटी दोनच उरले. एक दांड्याचा, ट्रकच्या गिअरबॉक्सवर चालणारा, आमच्या जुन्याचाच भाऊ. दुसरा तेलाच्या दाबावर चालणारा, रिमोटचा. ताकद दोघांची सारखी. हे सरळ दांड्याच्या विंचपाशी जाऊन उभे राहिले.

"हा घेऊ," हे म्हणाले.

"का?"

"सवयीचा आहे."

"जुसबलाही सवय होती."

 शेठला वाटलं आता भांडण पेटणार. ते म्हणाले, "मागच्या अंगणात दोन्ही बसवलेले आहेत. ओढून बघा, मग ठरवा."

अंगणात ब्रेक दाबून ठेवलेला एक भरलेला ट्रेलर होता. मेकॅनिकनं दोर लावला. यांनी सवयीनं बाही वर सारली आणि उजवा तळवा दोरावर ठेवून चालत निघाले. मी मागे होते. यांची ती चाल मला आवडते, खोटं कशाला बोलू? चार-पाच पावलं गेले असतील, आणि मला दोरावर लाल रेघ दिसली. आधी वाटलं, रंग असेल. मग एक थेंब जमिनीवर पडला. तुटलेली तार वर आली होती, तिनं तळवा उभा फाडला होता. आणि हे चालतच होते. चेहऱ्यावर काही नाही, नजर पुढे, तळवा दोरावर. टोकाला पोचून मेकॅनिकला म्हणाले, "चांगला आहे दोर. चालू कर."

 मी धावत जाऊन तो हात ओढणीत गुंडाळला.

"काय करतेस?" हे चिडून म्हणाले. मग ओढणीवर लाल पसरलेलं बघितलं.

"थांब रे भाऊ," मी मेकॅनिकला म्हटलं. "यांना पाणी प्यायचंय."

पाण्याच्या टाकीमागे नेलं. हात धुतला. जखम चांगली खोल होती, मी ती दाबून धरली होती आणि हे नुसते बघत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"होळीच्या सुमारास दोन बोटं बधिर झाली. मग हळूहळू सगळा हात."

"म्हणजे वैशाखात..."

"क्लच ठीक होता, लाखी. दांडा हातातून सुटला. मला वाटलं, मी धरलाय."

सहा महिने! सहा महिने मी त्या बिचाऱ्या विंचला शिव्या घालत होते, आणि हे ओट्यावर बसून ऐकत होते. असा राग आला की त्या टाकीत यांचं डोकं बुडवावं. आणि रडूही येत होतं.

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर दोरापाशी उभं राहू दिलं असतंस?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग? तिथे माणसं असतात आजूबाजूला! इसाकच्या गाडीखाली त्या दिवशी कोणी असतं तर? तुम्ही स्वतः असता तर?"

हे खाली बघत राहिले. मग म्हणाले, "दांड्याचा घेतला असता तर कोणाला कळलं नसतं. तोच सामत, तसाच विंच. माझ्याकडे दुसरं आहे काय, लाखी? लोक मला या हातावरूनच ओळखतात."

 मी ओढणी फाडली आणि पट्टी बांधली.

परत अंगणात आलो. मी शेठकडून रिमोट मागितला आणि यांच्या हातात दिला. मनात म्हटलं, लांबून तर लांबून, चालवू देत. यांनी बटण दाबलं, दोर ताणला गेला. सोडलं. पुन्हा दाबायला गेले तर अंगठा बटणाच्या बाजूलाच. डाव्या हातानं करून बघितलं, तर दोनदा उलटंच बटण दाबलं. हे अगदी हळू, मला ऐकू येईल इतकंच म्हणाले, "दाबलं गेलं की नाही ते बघावं लागतं. आणि बघायला तर दोराकडे हवं."

मी रिमोट काढून घेतला. "हाच बांधून द्या, शेठ," मी म्हटलं. "चालवणार मी आहे. मला शिकवा."

परतीच्या वाटेवर भचाऊला दाबेली घेतली, यांनी खाल्ली नाही. गाव जवळ आल्यावर एकच विचारलं, "लोकांना काय सांगायचं?"

"सांगू, लाखीला हौस आली. नवं खेळणं आहे, सोडत नाही. सगळे माझ्यावर हसतील, हसू दे."

"बरं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी यांना डॉक्टरकडे नेलं. मानेतली नस दबलीय म्हणाले. उपचार करू, पण हात पहिल्यासारखा होईल असं सांगता येत नाही. ऐकून घरी आलो, आणि रोटला-ताक जेवलो.

आठवड्यात फोन आला. इसाकच पुन्हा! मिठाची गाडी, पुढची दोन्ही चाकं चिखलात गायब. सकाळी पोचलो. आणखी तीन गाड्यांचे ड्रायव्हर मजा बघायला थांबले होते. मी आणि इसाकनं खड्डा खणला, ओंडका पुरला, आमचा ट्रक जखडला. चाकांभोवती कुठून माती काढायची, म्हणजे चिखलाची पकड सुटेल, ते हे सांगत होते. त्यात यांचा हात धरणारा अजून कोणी नाही. दोर मी तपासला, चामड्याचे हातमोजे घालून आणि डोळे फाडून. कप्पी लावली, गोणपाट टाकलं. मग मी रिमोट घेऊन पन्नास पावलं लांब गेले, आणि हे माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

इसाकला राहवलं नाही. खिडकीतून ओरडला, "सामतभाई, हे काय? आज बेन चालवणार? टीव्हीचा रिमोट पुरला नाही का तिला?"

सगळे हसले. मी ठरलेलं बोलायला तोंड उघडलं.

"माझा हात गेलाय, इसाक," हे मोठ्यानं म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "त्यात काय धरलंय ते मला कळत नाही. वैशाखात तुझी गाडी माझ्यामुळे मागे गेली. आता विंच लाखी चालवते."

 एका ड्रायव्हरनं डोक्याचा फडका काढून पुन्हा बांधला. मला यांच्याकडे बघवेना, म्हणून मी रिमोटकडे बघत राहिले.

मग इसाकनं खिडकीतून मान बाहेर काढली. "बेन," तो म्हणाला, आता हसत नव्हता, "गाडी न्यूट्रलला ठेवू की पहिल्यात टाकू?"

बावीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर हे देत आले. मी वाट बघितली. हे दोराकडे बघत होते.

"पहिल्यात टाक," मी म्हटलं. "आणि मी हात वर केल्याशिवाय क्लच सोडू नकोस."